एकसष्टावं पोर

पाडव्याला आमच्या गावात सकाळी गुढ्या उभ्या राहतात आणि दहाच्या सुमाराला मास्तर दारात उभे राहतात. ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ ही मोहीम आता जिल्हा परिषदेच्या शाळांच्या अंगवळणी पडली आहे. पुढं हेडमास्तर, मागं लेझीम घेतलेली चौथीची पोरं, बाईंच्या हातात माहितीपत्रकं. ज्या घरात पहिलीच्या वयाचं पोर आहे तिथं चहा होतो, गप्पा होतात आणि शेवटी ‘बघू की मास्तर’ म्हणून निरोप मिळतो. ‘बघू की’ म्हणजे काय, हे कोल्हापूर जिल्ह्यात नोकरी केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

मी काही वर्षं शाळा व्यवस्थापन समितीत होतो. ही गोष्ट कोरोनाच्या आधीची. कागल तालुक्यातलं आमचं गाव, पहिली ते पाचवीची शाळा, शिक्षक तीन. जुलैत हेडमास्तरांनी समितीची तातडीची बैठक लावली. पट भरला होता ६०. शिक्षकांची पदं ठरतात ती ३० सप्टेंबरच्या पटावर; साठाला दोन शिक्षक, एकसष्टाला तीन. एक पोर मिळालं नाही तर एक मास्तर जाणार होता. मग आम्ही चौघं एकसष्टावं पोर शोधायला बाहेर पडलो.

माळावरच्या वस्तीवर एक गडी म्हशीची धार काढत होता. त्याचं पोरगं तीन वर्षं पिवळ्या गाडीतून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जात होतं. हेडमास्तरांनी विषय काढला.

‘‘घालतो की पोरगं. पण मास्तर किती हायत तुमच्याकडं?’’

‘‘तीन.’’

‘‘आणि माझं न्हाई घातलं तर?’’

हेडमास्तर खरं बोलणारा माणूस. म्हणाले, ‘‘तर दोन राहतील.’’

धार काढता काढता तो हसला. ‘‘म्हंजे माझ्या एकट्या पोरावर तुमचा एक मास्तर टिकणार. आणि दिवाळीत शेजाऱ्यानं त्याचं पोर काढलं, तर? मास्तर, आधी वर्गाला एक माणूस द्या, मी उद्या दाखला आणतो. पाच वर्गाला दोन माणसं बघून कोण पोर घालंल?’’

आम्ही काय बोलणार. सप्टेंबरात एक मुलगी आजोळी राहायला आली आणि तिच्या रूपानं आमचा आकडा भरला. त्या पोरीला आपण एक शिक्षक वाचवलाय याचा पत्ताही नव्हता. पुढच्या वर्षी पट आला ५७, आणि मास्तर गेलाच.

मराठी शाळा वाचवायच्या असं म्हणणारी भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. त्यात पालकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात. त्याला इंग्रजीचं वेड लागलंय, टाय-बुटाची भूल पडलीय, मातृभाषेचा विसर पडलाय. थोडं खरं आहे ते. पण माझ्या डोक्यातून तो धार काढणारा गडी जात नाही. त्यानं विचारलेल्या प्रश्नात भाषेचा विषयच नव्हता, टायचाही नव्हता. माणसं किती, एवढंच त्यानं विचारलं, आणि त्याचा हिशेब चोख होता. माझं म्हणणं असं आहे की आपल्या खेड्यांतल्या शाळांचा पट आधी घटतो आणि मग शाळा पडते, असं नेहमी होत नाही. पुष्कळदा माणसं आधी काढली जातात. पट नंतर जातो. आणि माणसं काढण्याचं काम नियमानुसार, कुणाचाही काही दोष नसताना, सहीशिक्क्यानिशी होतं.

हा नियम कुठला ते बघू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं आहे. पहिली ते पाचवीसाठी त्यात लिहिलंय: ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, त्यापुढं दोनशेपर्यंत पाच. सहावी ते आठवीसाठी मात्र ‘प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक’ असं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना वर्ग नावाची गोष्ट माहीत होती, फक्त ती लहान मुलांसाठी गरजेची वाटली नाही. ज्या वयात पोर अक्षर ओळखायला शिकतं, हातचा घ्यायला शिकतं, त्या वयात पाच वर्गांना दोन शिक्षक कायदेशीर. ज्या वयात ते पुस्तक हातात घेऊन एकटं बसू शकतं, त्या वयात वर्गाला एक. उलटं असायला हवं होतं की नाही, हे कुठल्याही बालवाडीच्या ताईला विचारा.

त्यात सहावी ते आठवीचं ते कवचही आपल्या राज्यात पातळ झालं. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक हे ठरवणाऱ्या, निर्णयानं या वर्गांचा पट वीसच्या खाली असेल तर शिक्षकाचं पदच शून्य केलं. शिक्षक संघटना कोर्टात गेल्या, आंदोलनं झाली. ते चालू राहील. पण सातवीतल्या पंधरा पोरांच्या आईबापांनी यातून काय समजून घ्यायचं? पुढच्या वर्षी इथं मास्तर असेल की नसेल हे माहीत नसेल, तर शहाणा माणूस जूनमध्येच दाखला काढतो. मग पट बारा होतो, आणि कागद म्हणतो, बघा, आम्ही म्हणत नव्हतो?

पट मोजणीचा हा रोग जुना आहे. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली तेव्हा कागदावरची किती मुलं प्रत्यक्षात नव्हती ते बाहेर आलं. तेव्हापासून सरकारचा शाळेवर विश्वास नाही. नावं ऑनलाइन गेली, आधारशी जोडली गेली. आधार जुळलं नाही तर समोर बसलेलं, पाढे म्हणणारं पोर मोजणीत येत नाही. खोटी पोरं थांबली हे चांगलंच झालं. पण त्या भानगडीत एक साधी गोष्ट राहून गेली: किती पोरांमागं किती माणसं, या सूत्रात ‘वर्ग’ कधी शिरलाच नाही.

आता आमच्या जिल्ह्यातली एक खास गंमत सांगतो. बाहेरच्या माणसाला कोल्हापूरच्या खेड्यात दोन पाट्या शेजारी शेजारी दिसतात: ‘कुमार विद्या मंदिर’ आणि ‘कन्या विद्या मंदिर’. पोरांची शाळा वेगळी, पोरींची वेगळी. पूर्वी याला कारण होतं. पोरांच्या शाळेत पोरगी पाठवायला घरं तयार नसायची. आता पोरी कॉलेजला एसटीनं गावोगाव जातात, पण पाट्या तशाच आहेत. माझ्या बहिणीच्या गावात या दोन शाळा एकाच आवारात, मध्ये कमरेएवढी भिंत. इकडं चाळीसेक मुलगे, तिकडं चाळीसेक मुली, दोन्हीकडं पहिली ते पाचवी, दोन्हीकडं दोन-दोन शिक्षक. कुणीही म्हणेल, एक करा की. ऐंशी मुलं, पाच वर्ग, चार शिक्षक. झकास शाळा होईल.

होत नाही. कारण कायद्याच्या गणितात चाळीसला दोन आणि चाळीसला दोन मिळून चार शिक्षक होतात, पण ऐंशीला तीनच मिळतात. भिंत पाडली की एक माणूस जातो. शहाणपण केलं म्हणून दंड. म्हणून गाव भिंत सांभाळतं, दोन अर्ध्या शाळा चालवतं, आणि अधिकारी वर्षातून एकदा विचारतात, तुम्ही समायोजन का करत नाही, म्हणजे दोन शाळांची एक का करत नाही? यावर गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी मला दिलेलं उत्तर इथं छापण्यासारखं नाही.

दोन शिक्षक आणि पाच वर्ग म्हणजे रोज काय होतं, हे एकदा शाळेच्या पडवीत बसून बघावं. एक मास्तर पहिली-दुसरी घेऊन बसलेत, दुसरे तिसरी-चौथी-पाचवी. पाचवीला भागाकार सांगताना तिसरीला शुद्धलेखन. तेवढ्यात पोषण आहाराचा तांदूळ उतरायला टेम्पो येतो. तेवढ्यात बीएलओ म्हणून मतदारयादीचं काम. तेवढ्यात कुठल्या तरी पोर्टलवर माहिती आजच्या आज. एक जण तालुक्याला बैठकीला गेला की दुसऱ्याकडं साठ पोरं आणि पाच वर्ग. हे बघून मास्तर कामचुकार आहेत असं म्हणणारा माणूस एक तर शाळेत गेलेला नसतो किंवा त्याचं पोर पिवळ्या गाडीत असतं. कामचुकार मास्तरही असतात, मी बघितले आहेत. पण पाच वर्गांना दोन माणसं दिली की चांगला आणि वाईट यांतला फरकच दिसेनासा होतो.

पिवळ्या गाडीवरून पट कसा गळतो त्या खऱ्या जागेवर येतो. आपण पहिलीच्या प्रवेशाला पाडव्यापासून धावपळ करतो, पण पोर पहिलीत जातंच कुठून? ते तीन वर्षांपूर्वी गेलेलं असतं. तीन वर्षांचं झालं की गाडी दारात येते. नर्सरी, एलकेजी, यूकेजी. जिल्हा परिषदेची शाळा सहाव्या वर्षी दार उघडते. मधल्या तीन वर्षांत गावात अंगणवाडी असते, ती दुसऱ्या खात्याची. शाळा शिक्षण विभागाची, अंगणवाडी महिला व बालविकासची. पुष्कळ गावांत दोन्ही एकाच आवारात आहेत, पण दोघींच्या रजिस्टरांची गाठ पडत नाही. अंगणवाडीच्या ताईंचा दिवस वजनं घेण्यात, आहार वाटण्यात, मोबाइलवर नोंदी करण्यात आणि गरोदर बायकांच्या घरी फेऱ्या मारण्यात जातो. हे महत्त्वाचंच काम आहे. पण आईला दिसतं ते एवढंच की आपलं पोर तिथं खिचडी खाऊन येतं आणि शेजारणीचं पोर ‘ट्विंकल ट्विंकल’ म्हणत येतं.

तीन वर्षं एका गाडीत बसलेलं, एका बाईंची सवय झालेलं पोर सहाव्या वर्षी उतरून मराठी शाळेत कशाला येईल? आमचा त्या म्हशीवाल्याकडचा प्रयत्न तिथंच हरलेला होता. पाडव्याची मिरवणूक तीन वर्षं उशिरा निघते. राष्ट्रीय शिक्षण धोरणानं २०२० मध्ये तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला. तो कागदावर आहे. खाली गावात अंगणवाडी आणि पहिलीचा वर्ग यांच्यामध्ये अजूनही दोन खात्यांचं कुलूप आहे. माझं तर असं ठाम मत झालं आहे की पटवाढीचा सगळा खर्च, बॅनर, माहितीपत्रकं, फेऱ्या बंद करून शाळेच्या एका खोलीत बालवर्गासाठी एक शिकलेली, पगारी बाई बसवली तर तीन वर्षांत पट वाढेल. काही शाळांनी लोकवर्गणीतून असे बालवर्ग चालवले आहेत, पण लोकवर्गणीवर बाई किती दिवस टिकणार? गावातली डी.एड. झालेली सून पाच-सात हजारांवर त्या इंग्रजी शाळेत शिकवायला जाते, आणि तिच्याच पोराची फी त्यातून भरते. २०१२ च्या मे महिन्यात राज्यानं शिक्षकभरतीवर बंदी आणली. सरकारच्या शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवरून नेमणुका मिळायला २०१९ उजाडलं. त्या सात वर्षांत डी.एड. झालेल्या एका पिढीचं काय झालं ते बघायचं असेल तर सकाळी साडेआठला फाट्यावर उभं राहावं.

फीचंही बोलू. आमच्या भागात वर्षाला गाडीभाड्यासकट वीस-पंचवीस हजार ही काही मोठी शाळा नव्हे. उसाला टनाला तीन हजारांच्या वर दर धरला तर सात-आठ टन ऊस एका पोराच्या नर्सरीला जातो. अर्धा एकर रान असलेला माणूस हे करतो. याला वेड म्हणून मोडीत काढू नये. काही गावांनी यावर तोड म्हणून मराठी शाळेत पोर घातलं तर घरफाळा माफ, असे ठराव केले. भावना चांगली आहे, पण मला ते पटत नाही. आठ टन ऊस देऊन पोर बाहेर पाठवणारा माणूस घरफाळ्याच्या दीड हजारासाठी परत आणेल? आणि ज्यानं आधीच आपल्या शाळेत घातलंय त्याला वाटतं, माझी शाळा काहीतरी कमअस्सल असणार, म्हणूनच वर इनाम द्यायला लागतंय.

आता गुणवत्तेकडं. इथं कोल्हापूरचा माणूस गप्प बसत नाही, मीही बसणार नाही. शिष्यवृत्ती परीक्षेच्या राज्य यादीत आमच्या जिल्ह्याची पोरं दरसाल दिसतात, आणि त्यात कागल, भुदरगड, राधानगरीसारख्या तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळांची पोरं असतात. तीनशे गुणांची परीक्षा, भाषा, गणित, इंग्रजी, बुद्धिमत्ता. त्यासाठी मास्तर सकाळी सातला तास घेतात, दिवाळीची सुट्टी सोडतात, रात्री पोरांना शाळेत बसवतात. निकाल लागला की गावाच्या कमानीवर फलक लागतो, पोरांची ट्रॅक्टरमधून मिरवणूक निघते, हलगी वाजते. अशा नाव झालेल्या शाळेत शेजारच्या गावांतून पोरं येतात, पट वाढतो. सरकारी आहे म्हणून लोक शाळा टाळतात हे म्हणणं इथंच खोटं ठरतं.

पण समितीत असताना एक गोष्ट मला खुपायला लागली. ही परीक्षा तेव्हा पाचवीची. फलकावर सात फोटो असतात. पाचवीत पोरं सोळा. बाकीच्या नऊ जणांत एखादं असं असतं ज्याला दुसरीचं पुस्तक अडखळत वाचता येतं. सातच्या तासाला ते येत नाही, कारण त्याला कुणी बोलावलेलं नसतं. दोन शिक्षकांच्या शाळेत फलक हवा असेल तर ते नववं पोर सोडूनच द्यावं लागतं. वेळ आणायचा कुठून? आणि फलक लावला नाही तर पट घटतो. म्हणजे पुन्हा तोच आकडा. मास्तरांना मी एकदा हे विचारलं. म्हणाले, ‘‘दादा, मला दोन्ही करायचंय. मला फक्त तिसरा माणूस द्या.’’

भाषेचं एक आडवळण घेतो. आमच्याकडची पोरगी घरात ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणते. आई तसंच बोलते, आजी तसंच बोलायची. पहिलीच्या पुस्तकात मुलगी ‘मी जाते’ म्हणते. म्हणजे कोल्हापूरच्या पोरीला छापील मराठीसुद्धा अर्धी परकीच. चांगली बाई तिला हसत नाही; ‘घरी तसं, पुस्तकात असं’ एवढं सांगून पुढं जाते. हे करायला घरची बोली येणारं माणूस लागतं, आणि वेळ लागतो. याच पोरीला इंग्रजी माध्यमात ‘मे आय गो’ पाठ करायला लावलं की तिची दोन्ही बोलणी बंद होतात. मी सेमी इंग्रजीच्या विरोधात नाही. गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणाऱ्या आमच्या कित्येक शाळांनी पट टिकवला आहे. पण सेमीचा वर्ग असो की निव्वळ मराठीचा, बाई वर्गात पाहिजे.

पट घटण्याचं एक कारण असं आहे ज्यावर कुणाचाच इलाज नाही: पोरंच कमी जन्मतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ निघाला. माझ्या आजीला सात, आईला चार, आम्हाला दोन, आणि पोराला एकच. आणि कोल्हापूर जिल्ह्यानं आणखी एक हिशेब बिघडवलेला आहे. २००१ च्या जनगणनेत इथं सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या. देशाच्या सरासरीपेक्षा खूप खाली. शाहूंचा पुरोगामी जिल्हा म्हणून छाती काढणाऱ्यांनी हा आकडा पाठ करायला हवा. जन्मलेल्या पोरींचं पुढं काय होतं तेही सगळ्यांना दिसतं. एकाच घरातला पोरगा पिवळ्या गाडीत आणि पोरगी चालत मराठी शाळेत. आमच्या शाळेत कित्येक वर्षं पोरींची संख्या पोरांहून जास्त आहे. सभेत हे कौतुकानं सांगितलं गेलं, तेव्हा एक बाई उठून म्हणाल्या, ‘‘हे चांगलं न्हवं गुरुजी.’’ शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असायला हव्यात असं कायदा म्हणतो, ते अशासाठी.

जिल्ह्याच्या पश्चिमेची गोष्ट वेगळी आहे, आणि ती कागल-शिरोळच्या चष्म्यातून बघू नये. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, चंदगड इथं डोंगरावर धनगरवाडे आहेत, वाड्या आहेत. माणसं मुंबईला गेलेली, घरात म्हातारी आणि चार पोरं. अशा ठिकाणी पट सात, नऊ, अकरा. २०२३ मध्ये समूह शाळांचा, म्हणजे आसपासच्या लहान शाळा मिळून एक करायचा, विषय निघाला तेव्हा राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या जवळपास १४,८०० शाळा, त्यात सुमारे १ लाख ८५ हजार मुलं आणि जवळजवळ तीस हजार शिक्षक, असे आकडे पुढं आले. हिशेब केला तर एका शिक्षकामागं सहा मुलं. हे ऐकून शहरातला करदाता म्हणतो, ही तर चैन झाली. त्याला पुणे जिल्ह्यातल्या पानशेतच्या समूह शाळेचं उदाहरण दाखवतात: लहान शाळा एकत्र केल्या, बस दिली, पोरं चांगल्या इमारतीत आली.

मला समूह शाळेची ॲलर्जी नाही. सात पोरांच्या शाळेत पोराला खेळायला गडी मिळत नाही, भांडायला कुणी मिळत नाही, आपण हुशार आहोत की मंद हे कळायला शेजारी कुणी नसतं. हे नुकसान खरंच आहे, आणि वाडीवरची शाळा वाचवा म्हणणारे आम्ही ते कबूल करत नाही. पण जुलैत दाजीपूरच्या बाजूला एकदा जाऊन बघा. ओढ्याला पाणी आलं की वाडी दोन-दोन दिवस तुटते. रानात गवे असतात. कायद्यानं पहिलीच्या पोराला शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, ती उगाच नाही. बस देऊ म्हणतात. एसटी जिथं पोचत नाही तिथं शाळेची बस पोचेल यावर आईबाप विश्वास कसा ठेवतील? माझी अट सोपी आहे. आधी एक पावसाळा बस चालवून दाखवा. पोरं रोज गेली, रोज परत आली, तर त्यानंतर जुन्या शाळेला कुलूप घाला. आजवरचा क्रम नेहमी उलटा राहिला: कुलूप लगेच, बस प्रस्तावित.

सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं अशा लहान शाळांवर दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, महिना पंधरा हजारांवर नेमायचं ठरवलं. पुढच्या वर्षी तो निर्णय मागंही घेतला. या दोन कागदांच्या मधल्या काळात ज्या आयांनी पोराचा दाखला काढला, त्या परत आल्या नाहीत.

याचा जाब विचारायला जिल्हा परिषदेत सदस्य तरी हवे होते. कोल्हापूर जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढं तीन वर्षांहून जास्त काळ तिथं प्रशासक होता. गावानं निवेदन द्यायचं ते अधिकाऱ्याला, आणि अधिकाऱ्यानं दाखवायचा तो शासन निर्णय. आमच्या आमदारांना शाळेच्या कमानीसाठी निधी देता येतो, रंगरंगोटीला देता येतो, स्मार्ट टीव्ही देता येतो. माणूस देता येत नाही. एका शाळेत मी भिंतीवर लावलेले तीन टीव्ही बघितले आणि बाई एक.

१९१७ साली राजर्षी शाहूंनी या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. दरसाल २६ जूनला त्यांच्या जयंतीला हे आम्ही मुलांना सांगतो, भाषण पाठ करून घेतो. एका पोरानं विचारलं होतं, ‘‘आणि मास्तर नाही आले तर दंड कुणाला?’’ सगळे हसले. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. पालकावर सक्ती करणाऱ्या राजाला आपल्यावरही सक्ती आहे हे ठाऊक होतं. शाळा काढायची, मास्तर नेमायचा, पैसा बाजूला काढायचा. आताच्या कायद्यात दोन्ही बाजूंच्या सक्तीची भाषा आहे, पण आकडा ६० पर्यंत घसरला की सरकारच्या बाजूची सक्ती आपोआप सैल होते, गावाच्या बाजूची तशीच राहते.

खर्चाचं काय, असं विचारतात. वर्गाला एक शिक्षक म्हणजे राज्यभर किती पदं वाढतील ते अर्थखात्यानं सांगावं. सगळीकडं एकदम करा असंही मी म्हणत नाही. पट २१ ते ६० असलेल्या पाच वर्गांच्या शाळांना तिसरा माणूस द्या, तो पाच वर्षं हलवू नका, आणि त्याच आवारातली अंगणवाडी शाळेला जोडा. पाच वर्षांनी पट मोजा. तरीही शाळा रिकामी राहिली तर गावानं तिच्यावर हक्क सांगू नये, मी सुद्धा सांगणार नाही.

बहिणीच्या गावातल्या त्या भिंतीचं सांगायचं राहिलं. दोन शाळा एक करायचा प्रस्ताव समितीनं केला होता. वरून विचारणा आली, एक पद कमी होईल, मान्य आहे का? समितीनं प्रस्ताव मागं घेतला. मग एका रविवारी गावातल्या गवंड्यानं भिंतीत अडीच फुटांचं दार पाडलं. कागदावर कुमार आणि कन्या दोन्ही शाळा आहेत, पदं चार आहेत. प्रत्यक्षात पहिलीची सगळी पोरं-पोरी कन्येच्या पहिल्या खोलीत, दुसरी तिच्या शेजारी, तिसरी कुमारमध्ये, आणि चौथी-पाचवी मिळून एका बाईंकडं. पट दोन वर्षांत थोडा वाढलाय म्हणे. शाळा तपासायला येणाऱ्या केंद्रप्रमुखांची गाडी फाट्यावर दिसली की पाचवीतला एक पोरगा घंटा वाजवतो, आणि दोन मिनिटांत मुलगे इकडं, मुली तिकडं.